वजनकाट्याचा दुभाष्या

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावघरात
तीन आठवड्यांत अकरा वेळा मशीन पडलं.
पडलं म्हणजे जागच्या जागी:
निळा पडदा, खाली एक आकडा,
आणि काट्यावर ओला हॅडॉक, वजन न झालेला,
डोळा उघडा ठेवून.

त्रोंदुरनं प्रत्येक वेळ पेन्सिलीनं टिपली होती
बर्फाच्या पावतीमागे.
मंगळवार, चार चाळीस. गुरुवार, पाच वाजून दोन.
"समुद्र शांत असला की पडत नाही," म्हणाला.
मी हसले.
त्या हसण्याची माफी मागायला मला नऊ दिवस लागले.

तोवर कोपनहेगनहून एकजण फोनवर
उंटावरून शेळ्या हाकत होता:
रॅम बदला. बदलली.
पॉवर सप्लाय बदला. बदलला.
सगळं पुसून नव्यानं घाला. घातलं.
चोर सोडून संन्याशांना फाशी,
आणि शुक्रवारी, चार पंचावन्नला,
पुन्हा निळं.

मशीन मरताना स्मृतीची एक प्रत मागे टाकतं.
ती खालून वर वाचायची:
कोणी कोणाला हाक मारली,
कोण कोणाच्या कामात असताना अंधार झाला.
मी अकराही वाचल्या, रात्री, वाळवलेलं मटण चघळत.
एकदा दोष नेटवर्क कार्डचा,
एकदा पडद्याचा,
दोनदा तर खुद्द सिस्टीमच्या गाभ्याचा.
अकरा मरणं, सात मारेकरी.
तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला:
प्रेत ज्याच्या घरात सापडतं
तो बिचारा बहुतेक वेळा झोपलेला असतो.

मग मी जुन्या, परक्या, बिनसहीच्या
प्रत्येक ड्रायव्हरवर पहारा बसवला.
(त्याला ड्रायव्हर म्हणतात, पण तो चालवत काहीच नाही.
तो दुभाष्या. काटा बोलतो एक, मशीनला कळतं दुसरं,
हा मध्ये उभा राहून दोघांची अब्रू राखतो.)
काट्याखालची फळी मी पायानं हलवत राहिले.
नवव्या मिनिटाला मशीन पडलं,
पण या खेपेला नाव घेऊन:
काट्याची फाइल. तारीख अकरा मार्च दोन हजार नऊ.

काटा आहे तरंगत्या धक्क्यावर.
लाट आली की आकडा थरथरतो,
दुभाष्या वजन अर्ध्यात सोडतो, खोली रिकामी करून किल्ली देतो,
आणि मागाहून आकडा पोचला
की त्याच खोलीत शिरून भिंतीवर लिहून येतो.
तिथे आता दुसरंच कोणी राहत असतं.
जुनी सिस्टीम हे खपवून घ्यायची. नवी घेत नाही.

कंपनी बुडाली होती. पण गाव लहान.
"ते तर एय्दुननं लिहिलंय," त्रोंदुर म्हणाला,
"वरच्या रस्त्याला, हिरव्या छपराचं घर."

एय्दुन रबरी बूट घालूनच आला,
खिशात सीडी, तिला मेंढीच्या तेलाचा वास.
पडद्यावर त्याचीच ओळ उघडली, वर त्याचीच टीप:
तात्पुरतं. सोमवारी नीट करणे.
तो बराच वेळ बघत राहिला.
"त्या सोमवारी मुलगी झाली," म्हणाला.
मुलगी आता बोटीवर असते, इंजिनावर.

चार ओळी त्यानं बदलल्या. एक बोटानं, हळू.
आकडा पोचेपर्यंत किल्ली द्यायची नाही,
एवढंच.
टीप मात्र पुसली नाही. मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून दोन वादळं झाली.
धक्का हलला, काटा थरथरला, पडदा उजळ राहिला.
मी त्रोंदुरची माफी मागितली; त्यानं कॉफी ओतली.
वजन आता आपोआप छापून येतं, दशांशासकट.

त्रोंदुर ते वाचतो, मान हलवतो,
आणि शेजारी पेन्सिलीनं पुन्हा लिहितो.